दिल्याची दवंडी

बा, मला लिहिता-वाचता येतं हे तुला कधी पुरतं पटलंच नव्हतं. जालन्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर काळ्या रंगानं आकडे टाकता टाकता मी अक्षरं शिकलो. शाळेची पायरी चढलो नाही, कुण्या मास्तरची छडी खाल्ली नाही. सुटीवर घरी आलो की तुझ्यापुढं कागद धरून वाचायचो आणि तू म्हणायचास, "तोंडपाठ करून आला असशील." कारण तुझं सगळं काम तोंडपाठच असायचं. पाटील चावडीत बसून हुकूम सांगायचा. तू पायरीखाली उभा राहून तो शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचास आणि विचारायचास, "असंच ना, मालक?" त्यानं मान हलवली की मगच हलगीवर टिपरू पडायचं. वेस, पार, आड, वाण्याचं दुकान आणि शेवटी आपली गल्ली. पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तीनदा. असा परत म्हणून दाखवलेला आणि तीनदा वाजलेला हुकूम खुद्द पाटलालाही मागं घेता यायचा नाही, ही गावाची रीत. तू एक शब्द वाढवला नाहीस, एक गाळला नाहीस. माझ्या अंगातली काटेकोरी कुठून आली असं लोक विचारतात, तेव्हा मी जिनिंगचं नाव सांगतो. ते तेवढं खरं नाही.

लढाईच्या सालातली ती दुपार मला अजून दिसते. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे, तू आणि मी जेवायला बसलोय. त्या सकाळी तू लेव्हीची दवंडी देऊन आलास, घरटी किती ज्वारी सरकारात भरायची त्याची. मी विचारतो, "बा, न्यायची किती ते गावाला सांगितलंस. पण गावासाठी साखर न् कापड आलंय म्हणतात. ते किती आलं, ते कधी सांगणार?" तू हातातला घास ताटात ठेवतोस. "आपण सांगायचं. इचारायचं न्हाई." मी म्हणतो, "पण गावाला कळाया नको?" तू म्हणतोस, "ऊठ. भाकरीवरून ऊठ." तिशीला टेकलेला बाप्या मी, अर्ध्या भाकरीवरून उठलो. आई एवढंच म्हणाली, "अवो, त्याला खाऊ तरी द्या," तर तू तिलाही म्हणालास, "तू भाकर थाप." तुझ्यावर राग धरला तो त्या दिवशी. घेतल्याची दवंडी बाराही महिने होते आणि दिल्याची एकदाही होत नाही, हे तुला कळत नसेल असं मला वाटायचं. कळत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी तू गेलास. मी जिनिंग सोडून गावी आलो आणि तुझी हलगी गळ्यात अडकवली. निजाम गेला, नवं राज्य आलं, चार-पाच वर्षांत गावोगाव कामं निघाली. आपल्या गावाला दोन खोल्यांची शाळा मंजूर झाली. सरकारनं निम्मा वाटा पैशात द्यायचा आणि गावानं निम्मा दगडात आणि अंगमेहनतीत. पण हे निम्म्या-निम्म्याचं गावाला कोणी सांगितलं नाही. मला दवंडी मिळाली ती एवढीच: घरटी एक माणूस शाळेच्या कामाला यावा. मी ती वाजवली, आणि बा, तुझ्यासारखंच काही विचारलं नाही. लोक आले. ओढ्यापलीकडच्या खाणीतून दगडाच्या गाड्या आल्या, बायांनी डोक्यावरून दगड वाहिले. भिंती कमरेला लागल्या आणि पाटील पारावर बसून पाहुण्यांना सांगू लागला, "मी माझ्या खिशातून शाळा बांधून राह्यलो." हे फिरत फिरत खाणीपर्यंत गेलं. लोक म्हणाले, मंग मालकाच्या कामाची मजुरी मालकानं द्यावी. मजुरी कुठून मिळणार? दुसऱ्या दिवशी कामावर तीन माणसं, तिसऱ्या दिवशी एकही नाही. वर पावसाळा महिन्यावर आलेला, मातीतलं बांधकाम, उघड्या भिंती. आणि भिंती पुऱ्या झाल्याशिवाय पत्र्याचा दुसरा हप्ता सुटायचा नव्हता. एक पावसाळा लागला असता तर शाळा गेली असती आणि परत मागायला तोंड राहिलं नसतं.

मी टेंभुर्णीच्या बाजाराचं निमित्त करून पुढं तालुक्याच्या कचेरीत गेलो. कारकुनाला विचारलं, आमच्या शाळेला सरकारनं काय दिलं? तो म्हणाला, "बोर्डावर लावलेलं हाय. सरकार काही लपवत न्हाई." लावलं होतं, खोटं कशाला बोलू. फक्त बोर्ड व्हरांड्यात, आणि दार उघडं असलं की फळी नेमकी त्याच्यावर यायची. मी दार लावलं आणि वाचलं. आपल्या गावाचं नाव, शाळा खोल्या दोन, सरकारी अनुदान दीड हजार, लोकवर्गणी तेवढ्याच किमतीची, दगड आणि श्रमदान मिळून. त्यापुढं 'वर्गणी देणार' असा रकाना, आणि त्यात सबंध गावाच्या जागी एकच नाव. पाटलाचं. मी ते वहीत उतरवलं आणि कारकुनापुढं उभा राहिलो. "साहेब, वाचून दाखवतो. चुकलं तर सांगा." तो हसला. "तू तहसीलदाराचा बाप दिसतोस." मी म्हणालो, "न्हाई साहेब, दवंडीवाल्याचा पोरगा." मग त्यानंही पेन खाली ठेवून नीट ऐकलं आणि म्हणाला, "बराबर हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक रानात निघायच्या आत, मी वेशीत पहिलं टिपरू टाकलं. कुणाचा हुकूम नव्हता. वही उघडून वाचलं: सरकारनं किती दिलं, गावानं किती द्यायचं, आणि गावाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे. पारावर पोचेपर्यंत मागं निम्मं गाव. तिथं पाटील उभा.

"कोन्या हुकमानं वाजवून राह्यला रे?"

"कचेरीच्या बोर्डाच्या, मालक. तिथं लावलेलं इथं वाचून राह्यलो."

"तुझ्या बापानं असं कधी केलं न्हाई."

"त्याच्या वक्ताला बोर्डच न्हवता, मालक."

कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात आपल्या गल्लीतली आत्या पुढं झाली, जिनं सगळ्यांत जास्त दगड वाहिले ती. "म्हंजे म्या वाहिलेले दगड बी मालकाचेच निघाले म्हना की! मंग आठ रोज टाळू कोनाची दुखली वो?"

आता हसू आवरेना. पाटील लालेलाल. "अगं, कागद मी नेला, म्हणून माझं नाव पडलं. मला काय हौस हाय?" यात थोडं खरंही असेल, मी ते नाकारत नाही. मागून आवाज आला, "मंग टाका की समद्यायची नावं!" आणि पाटील तावातावानं बोलून गेला, "टाका! ज्यानं जेवढं दिलं तेवढं टाका! कोन अडवून राह्यलंय?"

बा, तेव्हा मला तू आठवलास. मी दोन पावलं पुढं गेलो, हात जोडले आणि म्हणालो, "मालक, परत म्हणून दाखवतो. ज्यानं जेवढं दिलं, त्याचं नाव तेवढ्यापुढं टाकायचं. असंच ना?" पार गच्च भरलेला. सगळ्यांची नजर त्याच्या मानेवर. ती मान हलली. मी हलगी अशी वाजवली की कातडं फुटायचंच बाकी राहिलं. तीनदा. मग परत वेस, मग आड, मग वाण्याचं दुकान, मग आपली गल्ली. तिथंही तीनदा.

त्याच दिवशी दुपारनंतर खाणीकडं अकरा गाड्या गेल्या. अकरा, मी मोजल्या. ज्याला आपला वाटा ठाऊक झाला त्याला बोलवायची गरज पडली नाही. पावसाच्या आठ दिवस आधी भिंती पुऱ्या झाल्या, हप्ता सुटला, पत्रे चढले. पाटीलही एक दिवस धोतर खोचून भिंतीच्या मातीचा गारा तुडवायला आला आणि म्हणाला, "माझा बी रोज लिही रे." लिहिला. एक रोज. मग मी बाहेरच्या भिंतीला चुना दिला आणि गाठींवर टाकायचो तशाच काळ्या ठसठशीत अक्षरांत सगळं मांडलं: वर सरकारचा वाटा, खाली गावाचा, त्याखाली नावं. बायांचीही, त्यांच्या स्वतःच्या नावानं, अमक्याची बायको म्हणून नव्हे. एकजण सात गाड्या म्हणून भांडायला आला. माझ्या वहीत पाच होत्या. मी पाचच लिहिल्या, तो वर्षभर बोलला नाही.

आता महाराष्ट्र झाला. परवा तालुक्याचे नवे साहेब आले. उन्हात उभं राहून त्यांनी भिंत पहिल्या ओळीपासून वाचली आणि सोबतच्या माणसाला सांगितलं, "आपल्या तालुक्यात जिथं जिथं सरकारी पैसा आला, तिथं तिथं भिंतीवर असंच पाहिजे. किती दिलं, कुणी दिलं, सगळं." ऐकलंस ना, बा? साऱ्या तालुक्यात. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "यातलं एक अक्षर तरी चुकलंय का हो?" मी छाती काढून म्हणालो, "बिलकुल न्हाई साहेब." मागं गावातली पाच-सहा माणसं उभी होती. कोणी तोंड उघडलं नाही.

हा कागद टाकायला पेटी नाही, आणि दुसऱ्या कुणाला तो वाचू द्यायचा नाही. यादीत तेविसावी ओळ तुझी आहे. तुझं पूर्ण नाव आणि पुढं 'दगड, दोन गाड्या'. पायाचा दगड बसला तेव्हा तुला जाऊन सहा वर्षं झाली होती. माझ्या सहा गाड्यांतल्या दोन मी तुझ्या नावावर टाकल्या. बेरीज बराबर आहे. नाव तेवढं खोटं आहे, आणि दरवर्षी चुना देताना मी ते पुन्हा लिहितो.