पंखा फिरता ठेवावा

मी, शिवणकाम करणारी, दोन भावांची मोठी बहीण, सुईत दोरा ओवता येत नाही एवढे सोडल्यास पूर्ण शुद्धीवर, हे मृत्युपत्र राजीखुशीने करते. दडपण दोघा भावांनी आणले, पण विरुद्ध दिशांनी, त्यामुळे मी जागची हलले नाही.

१. थोरल्याचा बटणांचा कारखाना आहे. धाकटा त्याच कारखान्यातल्या युनियनचा पुढारी आहे. भांडवलशाही आणि साम्यवादाच्या भांडणाचे मूळ जाणकार जाड पुस्तकांत शोधतात. आमच्या घरापुरते ते एका टेबलफॅनमध्ये आहे. दोघे एकाच यंत्रावर कामगार होते तेव्हा थोरल्याने ओव्हरटाइम करून तो आणला आणि मागची खुंटी ओढून त्याची मान स्वतःच्या खाटेकडे पक्की केली.

"कष्ट माझे, वारा माझा."

"वारा काय तुझ्या बापाचा?" धाकटा म्हणाला.

"का, तुझा बाप वेगळा आहे?"

मी हसले. त्या दोघांना आजतागायत हसू आलेले नाही.

२. पुढे थोरला मालक झाला आणि धाकट्याने त्याच्याच दारात संप केला. संपाचे झेंडे व कारखान्याचे एप्रन मी एकाच लाल ताग्यातून शिवले. शिवण बरी झाली, असे एकाच्याही तोंडून निघाले नाही. याबद्दलचा माझा राग माझ्यामागेही चालू ठेवावा.

३. संप मिटला, पण घरात स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत उठली. विटा थोरल्याने आणल्या, रचल्या धाकट्याने. मालक आणि कामगार यांनी इतक्या गुण्यागोविंदाने केलेले दुसरे काम माझ्या पाहण्यात नाही. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. खासगी मालकीचा अभिमानी थोरला माझ्याकडे येऊन दिसेल त्या टॉवेलला हात पुसतो. सगळे सगळ्यांचे म्हणणाऱ्या धाकट्याच्या कपाटाला दोन कुलुपे आहेत.

४. घर वडिलांनी माझ्या नावावर केले, कारण ते दोघांनाही ओळखून होते. मी ते थोरल्याची मुलगी आणि धाकट्याचा मुलगा यांना मिळून देते. ही पोरे भिंतीत भोक पाडून एकमेकांचा गृहपाठ उतरवत मोठी झाली. त्यांनी आधी ते भोक मोठे करावे, भिंत उरणार नाही इतके. शिलाई मशीनही दोघांचे. पंख्याची मान मोकळी सोडून, ती पुन्हा कुणाला आपल्याकडे पक्की करता येऊ नये म्हणून, खुंटीचे डोके मी पक्कडीने उपटून ठेवले आहे. पंखा फिरता ठेवावा.

५. भावांना मी काहीही देत नाही. वकील म्हणाले, "साक्षीदार होणाऱ्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, ताई. दुसरे कुणी बघा." मी म्हटले, मला हेच दोघे हवेत. साक्षीदारांना माझ्यासमोर, एका खोलीत बसावे लागते. मला या दोघांना एकदा एकत्र पाहायचे आहे. त्यापुढे घराची किंमत मला जास्त वाटत नाही.

निरोप गेला, तेव्हा "फायदा नसेल तिथे थोरला सही करायचा नाही," असे धाकटा म्हणाला. "हक्क सोडायला धाकटा यायचा नाही," असे थोरला म्हणाला. दोघे आले. एक दाराशी बसला आहे, एक खिडकीशी.

६. वकिलांचा विरोध असूनही पुढील मजकूर घालण्यात येत आहे. मी सही केली, मग थोरल्याने केली. धाकट्याचे पेन उमटेना. तो बराच वेळ ते झटकत राहिला. थोरल्याने आपले पेन पुढे केले आणि म्हणाला, "परत दे हां."

धाकटा म्हणाला, "देतो रे, दादा."

भिंत उठल्यापासून दोघांत झालेले एवढेच बोलणे. माझी खरी मिळकत ही आहे. ती मी कुणालाही देत नाही, सोबत नेते.

लिहून देणार: ताई (सही)

साक्षीदार: थोरला भाऊ, कारखानदार (सही)
साक्षीदार: धाकटा भाऊ, युनियन पुढारी (सही, थोरल्याच्या पेनाने)

स्थळ: माझी शिवणाची खोली
दिवस: रविवार, कारखान्याची सुट्टी, धाकट्याच्या मते मिळवलेली, थोरल्याच्या मते दिलेली.