बारापैकी बारा

सोमवार, १८ नोव्हेंबर १९९६

१. योनीमार्गात लावायचं आमचं जेल, अजून औषध न घातलेलं, गेल्या आठवड्यात बारा बायकांना दिलं. सकाळी नऊला, एकदाच.
२. ते आत सहा तास चिकटून राहायला हवं. प्रयोगशाळेत, बकरीच्या श्लेष्मल त्वचेवर, सात तास राहिलं होतं.
३. दुपारी बायकांना विचारलं. बाराही फॉर्मवर ‘तक्रार नाही, गळालं नाही’.
४. प्रकल्पप्रमुख दिनकर सर खूश. पुढच्या महिन्यात हेच जेल औषध घालून, जंतुसंसर्ग झालेल्या चाळीस जणींना.
५. अहवालावर माझी सही बाकी.

मंगळवार, १९

बारापैकी बारा! माझ्या तीन परीक्षानळ्यासुद्धा कधी एकसारखं उत्तर देत नाहीत.

सरांना म्हटलं. “अगं विनया, वाईट आलं की तू तीनदा तपासतेस, चांगलं आलं की सहा वेळा! सोमवारी अहवाल दिल्लीला जातोय. सही कर आणि मोकळी हो.”

जेल गळालं तर त्यातलं औषधही गळणार. चाळीस जणी बऱ्या होणार नाहीत, आणि आम्ही औषधाला नावं ठेवू.

सही केली नाही.

बुधवार, २०

दवाखान्यातल्या हेमा सिस्टरना विचारलं — तुम्ही बायकांना विचारलंत कसं?

“कैसे मतलब, मैडम? खिड़की पर नंबर पुकारा, पूछा — कोई तकलीफ़? कुछ बाहर तो नहीं आया? सब बोलीं, नहीं।”

खिडकीसमोरच्या बाकावर त्या दिवशी कोण बसलं होतं तेही सांगितलं : तीन नवरे, एक दीर, आणि शेजारी आपला चौकीदार. एवढं बोलून त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मी फॉर्म उचलले आणि निघाले.

अलीगंजच्या वळणावर स्कूटर बंद पडली. घरापर्यंत ढकलत आणली.

गुरुवार, २१

चौक मोहल्ल्यात गेले, फॉर्म क्रमांक चारच्या शकीला आपांकडे. त्या चिकनचं भरतकाम करतात. जमिनीवर उकिडव्या, गुडघ्यावर कापड ताणून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी दार लावून घेतलं तशा हसल्या.

“अब पूछने आई हो, बिटिया? दो घंटे में सब सलवार पर था! हमने सोचा, गलती हमारी ही होगी।”

“उस दिन क्यों नहीं बताया?”

“वहाँ? देवर के सामने? तुम बता देतीं?”

मी चहा पूर्ण प्यायले. चांगला होता.

शुक्रवार, २२

चूक सापडली. आमची बकरीची त्वचा काचपट्टीवर आडवी, स्थिर, सात तास. बाई अशी सात तास कधी पडून असते? काच उभी केली. खालून यंत्राने संथ हलवत ठेवली. पाच तुकडे. सर्वांत जास्त टिकलं दोन तास दहा मिनिटं, सर्वांत कमी एक तास वीस.

पाचांतले दोन आकडेसुद्धा सारखे नाहीत. म्हणून पटले.

जेलला चिकटपणा देणाऱ्या पॉलिमरचं प्रमाण बदलावं लागेल, कदाचित पॉलिमरच. चार-पाच महिने गेले! आकडे सरांना दाखवले. “काच उभी करायला तुला कुणी सांगितलं होतं?” एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने — “फॉर्म तर खोटे नाहीत ना?”

शनिवार, २३

यातली एक गोष्ट या वहीतही लिहिली नव्हती. आज सरांच्या टेबलावर ठेवलेल्या चिठ्ठीची नक्कल :

‘अहवालावर मी सही करत नाही. फॉर्म खोटे आहेत का, हे तुम्ही काल विचारलंत. क्रमांक बाराचा खोटा आहे. ती बाई ऐनवेळी आली नाही. तिच्या जागी जेल मी लावलं. तुम्हाला सांगितलं नाही, ती जबाबदारी माझी. दुपारी खिडकीवर मलाही विचारलं, समोर चौकीदार होता, आणि मीही “नाही” म्हणाले. खरं उत्तर : पावणेदोन तास. उरलेल्या अकरा जणींना एकेकीला, बंद खोलीत, पुन्हा विचारायची परवानगी द्यावी. सोमवारी, २५ तारखेला, अहवाल निघण्याआधी लेखी उत्तर मिळावं.’