आरशासारखी नळी

शनिवार, ७ सप्टेंबर २०१३
पिस्तूल घेतले. वापरलेले आहे, पण जपलेले. दुकानांत काडतुसे मात्र वर्षभर मिळत नाहीत. ओहायो नदीच्या या काठाला नाही, त्या काठालाही नाही. सबब गोळ्या घरीच ओतणार. संकल्प पक्का.
पुस्तिकेत पान नऊवर लिहिले आहे की या पिस्तुलातून नुसत्या शिशाच्या गोळ्या झाडू नयेत. कारण दिलेले नाही. कारणावाचून केलेला निषेध मी मानत नाही. पुस्तिका वकील लिहितात, आणि वकिलांना गोळ्या ओतता येत नाहीत.
माझा सिद्धान्त असा. साध्या नळीत आटे कोरलेले असतात, त्यांच्या धारेवर शिसे खरवडून अडकते. ही नळी आतून गोलसर षट्कोनी, पीळ दिलेली. धार म्हणून कुठे नाही. जिथे धारच नाही तिथे शिसे अडकेल कशाला? प्रश्न मिटला.

मंगळवार, १० सप्टेंबर
टायरवाल्याकडून चाकांची शिशाची वजने आणली, दोन बादल्या. गराजमध्ये कढई मांडली. नडीन म्हणाली की ज्या पळीनं शिसं ढवळलंस ती माझ्या स्वयंपाकघरात परत आली, तर तू येऊ नकोस. तीस वर्षांच्या संसारात बायकोला प्रयोगशीलता कळू नये, याचे वाईट वाटले. पळी धुऊन जागेवर ठेवली.
दुपारी केस कापायला क्लेटनकडे. थोरला भाऊ असूनही त्याला माझ्याबद्दल आदर असा नाही. सिद्धान्त सांगितला. म्हणाला, "अरे शहाण्या, बनवणाऱ्यानं नको म्हटलंय ना? त्याचं काय तुझ्याशी वैर आहे?" मानेवर वस्तरा असताना मी वाद घालत नाही.
पण ऑक्टोबरात आमच्या नेमबाजी क्लबचा जोडीचा सामना आहे. एकच पिस्तूल, तीस फैरी एकाच्या, तीस दुसऱ्याच्या. एकोणीस वर्षे आम्ही दोघे उतरतो आणि एकोणीस वर्षे चौथे येतो. काडतुसे त्याच्याकडेही नाहीत. शेवटी म्हणाला, "बरं, ओत. पण माझं पोट या हातावर आहे, एवढं ध्यानात ठेव." ठेवले.

शनिवार, १४ सप्टेंबर
अपूर्व यश! पहिल्या पंचवीस गोळ्या कॉफीच्या बशीएवढ्या जागेत. नंतर नळीतून उजेडाकडे पाहिले. आत आरसा. विकत घेतली तेव्हाही इतकी चकाकत नव्हती. म्हणजे माझ्या गोळ्या नळी घाण करत नाहीत, उलट तिला झिलई देतात. क्लेटनने विचारले, घासलीस का? मी म्हणालो, घासायला आहे काय तिथे?

शनिवार, २८ सप्टेंबर
नेम किंचित पसरला. बशीचे ताट झाले. कारणे: वारा, नवा चष्मा, नडीनने सकाळी काढलेला विषय.
कागदावरची काही छिद्रे लंबगोल आली. क्लेटन म्हणाला, "गोळी आडवी होऊन जातेय, लेका." मी म्हणालो, कागद स्वस्तातला आहे. पुढच्या वेळी चांगला कागद आणणे.

शनिवार, ५ ऑक्टोबर
युक्ती सापडली. शिशाच्या गोळ्या संपल्या की शेवटी तांब्याचे आवरण असलेल्या दुकानी गोळ्या दहा झाडायच्या. तांबे कठीण, शिसे मऊ. काही राहिलेच असेल तर तांबे ते खरवडून बाहेर नेते. घासायचा ब्रश, तेल, अर्ध्या तासाची मानखंडना, काहीच नको. रेंजवर सगळे असेच करतात. नेमके कोण ते आठवत नाही.
दुकानी गोळ्यांची, पिस्तुलासोबत आलेली, एकच पेटी आहे. जपून वापरणे.
आज धक्का जरा जोरात बसतो असे वाटले. रिकाम्या पुंगळ्यांचे पेंदे चेपून सपाट झालेले. दारू उत्तम पेटत असल्याचे हे लक्षण मानतो.

गुरुवार, १० ऑक्टोबर
क्लेटनकडे दाढी. समोरच्या आरशाला साबण लागला होता तो बोटाने दाखवून म्हणाला, "बघ, साबणही चकाकतो. पण आहे साबणच. ऑरिन, एकदा ब्रश फिरव नळीत. माझ्यासाठी फिरव." न्हाव्याचा दृष्टान्त; त्याची झेप न्हाव्याच्या दुकानाएवढीच. तरी शब्द दिला, सामन्याआधी घासीन.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर
घासायला बसलो. ब्रश भलत्याच मापाचा निघाला. शेजारच्या गावाहून आणता आला असता, पण नडीनने राजमा-हरणाच्या मांसाचा रस्सा केला होता आणि तो निवू देणे हा अपमान ठरतो. शिवाय सामन्याच्या आदल्या दिवशी चालत्या हत्याराला हात लावू नये. हे कोणीतरी म्हटलेलेच असणार.

रविवार, २७ ऑक्टोबर
काल लिहिले नाही.
माझ्या तीस फैरी झाल्या. ठीकठाक. मग क्लेटनची पाळी. त्याला स्वच्छ नळी मिळावी म्हणून त्याच्यासाठी आधी दुकानी गोळ्याच भरल्या, पेटीतल्या शेवटच्या दहा. ज्येष्ठ आहे, मान दिला. पिस्तूल हातात घेताना त्याने विचारले, घासलीस ना? मी म्हणालो, हो.
दुसऱ्या गोळीला पिस्तूल फुटले.
मूठ मधोमध चिरली. काडतुसांचे मॅगझिन खाली उडाले. चष्म्यामुळे डोळे वाचले. त्याचा उजवा हात टॉवेलात गुंडाळला आणि मीच गाडी चालवली. वाटेत तो एवढेच म्हणाला, "हळू चालव."

मंगळवार, २९ ऑक्टोबर
शल्यविशारदांनी क्लेटनची तर्जनी काढली. अंगठ्याची जाणीव परत येईल किंवा नाही, असे म्हणाले. विद्वान लोकांचे हेच. निश्चित बोलायचे नाही.
शांतपणे विचार केला. पिस्तूल फुटले तेव्हा नळीत दुकानी गोळी होती, माझी नव्हे. तर्कदृष्ट्या माझ्या शिशावर दोष येत नाही. हे क्लेटनला सांगावे, त्याला बरे वाटेल. आधी नडीनला सांगून पाहिले. ती बटाटे सोलत होती. सोललेलाच बटाटा पुन्हा सोलत राहिली.

शनिवार, २ नोव्हेंबर
क्लेटनकडे गेलो. खुर्चीत बसला होता, गिऱ्हाइकाच्या. दुकान बंद. डाव्या हाताने कात्री धरून हवेत चालवून बघत होता. मला पाहून ठेवून दिली. म्हणाला, "लहान पोरासारखी चालते."
मग सहज विचारल्यासारखे: "घासली होतीस ना?"
हो म्हणायला तोंड उघडले. खिडकीबाहेर ट्रक गेला, तेवढा वेळ उघडेच राहिले. तो म्हणाला, "बरं. कॉफी घे." डाव्या हाताने ओतली, बशीत सांडली. मी सांडलेले पाहिले नाही असे दाखवले. माझ्यात एवढी सभ्यता आहे.

गुरुवार, ७ नोव्हेंबर
क्लबने नळी उभी कापवून घेतली. मला बोलावून दाखवली. आतली चकाकी नखाने सोलून निघाली, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदासारखी, लांबच्या लांब पट्टी. शिसे. प्रत्येक गोळीगणिक थर. नळीचे तोंड आत आत अरुंद होत गेलेले, आणि त्यात वरून कठीण तांबे रेटायचे म्हणजे दाब वाढणारच, असे कापणारा म्हणाला. शाळेतल्या मुलाला सांगावे तसे सांगितले. आरसा म्हणजे तेच शिसे होते.
मी म्हणालो, मनोरंजक आहे.

सोमवार, ११ नोव्हेंबर
क्लबची नोटीस. नियम: ज्याच्या घरी केलेल्या गोळ्यांमुळे वा हयगयीमुळे कोणासही इजा होईल त्याचे सभासदत्व आजन्म रद्द. गुरुवारी सुनावणी. क्लबखेरीज मला शनिवारी जायला जागा नाही, हे लिहून ठेवतो.
निवेदन लिहिले, अकरा पाने. पाच पाने इतिहास, चार पाने धातुशास्त्र, दोन पाने बंधुप्रेम. नडीनने विचारले, यात "मी खोटं बोललो" कुठं आहे? म्हणालो, ते ओघात येईल. म्हणाली, "मग ओघ मला वाचून दाखव." वाचून दाखवले नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
सुनावणीला वेळेवर गेलो. इस्त्रीचा शर्ट.
क्लेटन आला नाही. त्याचे पत्र आले होते. डाव्या हाताने लिहिलेले, ओळी उताराला लागलेल्या. अध्यक्ष बर्निस कोलमरने मोठ्याने वाचले: "पिस्तूल ऑरिनचं, पण शिशाच्या गोळ्या मी ओतल्या होत्या. नळी घासायचं काम माझ्याकडे होतं. मी घासली नाही. ऑरिनला वाटलं, मी घासली. त्याचा दोष नाही."
बर्निसने चष्मा काढला. म्हणाली, "ऑरिन, असंच झालं का?"
अकरा पाने खिशात होती.
म्हणालो, असंच झालं.
सात मिनिटांत संपले. माझे सभासदत्व कायम. क्लेटनचे आजन्म रद्द. तसे त्याला कळवायचे काम, सख्खा भाऊ म्हणून, माझ्याकडे दिले आहे.