पांढरा फॉस्फरस पाण्याखाली

उप्साला, ९ नोव्हेंबर

ती. हाल्वार मामा, शि. सा. न. वि. वि.

काय झाले ते क्रमाने लिहिते.

१. रसायनभांडारांच्या पाट्या ज्यावरून छापतात, त्या आमच्या संगणकावरच्या ज्ञानरचनेत प्रत्येक मूलद्रव्याखाली त्याची रूपे येतात. वर नोंदवलेली गोष्ट खालच्या सर्वांना आपोआप लागते.
२. ‘कोरडे ठेवा’ ही सूचना तांबड्या फॉस्फरसची. मी ती ‘फॉस्फरस’वरच नोंदवली. ती पांढऱ्यालाही लागली.
३. पांढरा पाण्याखाली ठेवतात. हवेत तो पेटतो.
४. मार्चमध्ये तुम्ही मला हे पत्राने कळवलेत. मी उत्तर दिले, की रचना तपासलेली आहे, जुन्या सवयीवर जाऊ नका.
५. मंगळवारी उमियोच्या भांडारात नव्याने लागलेल्या आग्दा लुंडने आमची छापील पाटी वाचून बरणीतले पाणी ओतून टाकले. तिचा उजवा हात भाजला.

नोंद मी त्याच दिवशी सुधारली. शुक्रवारी, २० तारखेला चौकशी आहे. फालुनच्या तुमच्या भांडारात बरणीत पाणी तसेच सापडले. म्हणून समिती म्हणते, की तुम्हाला चूक कळली होती आणि तुम्ही गप्प बसलात. तुमची नोकरी जाईल. तुमचे पत्र मी टाकून दिले. माझे उत्तर तुमच्याकडे असेल, ते समितीला द्या.

इल्वा

फालुन, १२ नोव्हेंबर

चि. इल्वास, अ. उ. आ.

आकडे घालून मामाला पत्र लिहिणारी भाची साऱ्या स्वीडनमध्ये तू एकटीच! तुझे ते उत्तर मी कधीच चुलीत घातले. समितीला सांगेन, म्हातारा विसरला. माझ्या नोकरीची दोन वर्षे उरलीत, तुझी पुरती तीस. तुझी आई तक्रार करत होती, की पोरगी फोनवर हो-नाही एवढेच बोलते. मी म्हटले, एवढे बोलते हेच पुष्कळ, आता चौकशीत तेवढेही बोलू नकोस. आज गुरुवार, आपला वाटाण्याच्या सुपाचा वार; तूही पोटभर खात जा. मामावर माया असू दे.

हाल्वार

उप्साला, १४ नोव्हेंबर

ती. मामा, शि. सा. न.

तुमच्या फ्लॅटमध्ये चूल नाही.

काल आग्दाला भेटले. तिने विचारले, की इतक्या भांडारांत एकालाही हे ठाऊक नव्हते का. मी सांगितले, माझ्या मामांना होते, त्यांनी मला कळवलेही होते. ती म्हणाली, पट्टी बदलायची वेळ झाली, तू जा.

तुम्ही मार्चमध्येच कळवले होते, चूक माझी, हे मी समितीला लेखी कळवले आहे. कागदाशिवाय भाची मामाला वाचवते आहे असेच ते धरतील. मला तीस वर्षे अशी नकोत.

लोभ आहे तो राहू द्या, ठपका माझा मला द्या. कागद तुम्ही पाठवता, की मी येऊन नेऊ, हे बुधवारी, १८ तारखेपर्यंत कळवा.

इल्वा