सक्तीचा रकाना

बुधवार, संध्याकाळ

तिसऱ्यांदा तू 'पुढे' दाबलंस आणि पान पुन्हा लाल झालं. काचेपलीकडच्या अंधाऱ्या खोलीत मी बसले होते.

प्रिय वस्ताद,

कसा आहेस, असं विचारायची रीत आहे. पण आज पाऊण तास तुलाच बघत होते. केस पिकलेत. चष्म्याला अजून दोरी बांधतोस.

आपलं फिल्म एडिटिंगचं टेबल सुटल्यावर मी या कामात आले. लोक पडद्यावर कुठे अडतात ते बघायचं, ते क्षण कापून वरच्यांना दाखवायचे. आई पाहुण्यांना सांगते, "ती बटणं तपासते." कापणं तेच आहे, टाळ्या तेवढ्या नाहीत.

नियम एकच. माणूस अडला तरी मदत करायची नाही, गप्प बसायचं. बारा वर्षांत ते मला चांगलं जमलंय. घरीसुद्धा.

आमच्याकडे येणाऱ्यांची नावं मला आधी कळत नाहीत. तू 'सहभागी सात' होतास. दारातून आत आलास तेव्हा ओळखलं.

चाचणीला दवाखान्याच्या ऑनलाइन नोंदणीचा अर्ज होता. नाव, वय झरझर भरलंस. मग तो सक्तीचा रकाना आला: जवळच्या व्यक्तीचं नाव आणि नंबर.

शेजारी बसलेली आमच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, "काका, मनात येईल ते बोलत राहा."

"मनात कुणी येत नाहीये, म्हणून तर थांबलोय."

"कुणीही चालेल हो."

"कुणीही चालत असतं तर यांनी विचारलं कशाला असतं, बाई?"

ती हसली. तूही हसलास. मग स्वतःचंच नाव आणि स्वतःचाच नंबर टाकलास. पान हिरवं झालं. माझ्या तक्त्यात नोंद झाली: काम पूर्ण.

नंतर तू लिफ्टपाशी बराच वेळ उभा होतास. मी नियमाचं निमित्त करून बसून राहिले.

उद्या सकाळी मीटिंग आहे. हा रकाना सक्तीचा नको, हे पटवायला तुझ्या चित्रीकरणातली चार मिनिटं पुरेशी आहेत. थांबलेलं बोट, मग ते हसू. कापून ठेवलीत. फार चांगली झालीत. संमतीपत्रावर तुझी सही आहे.

तुझ्या वडिलांवरच्या, अण्णांवरच्या आपल्या फिल्मला तुझी सही नव्हती, नुसतं सांगणं होतं. "बाकी सगळं ठेव. ब्रश धरताना बाबांचा हात थरथरतो तेवढं काढ." मी हो म्हणाले आणि ठेवलं. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. त्यानंतर त्यांनी दुकानाचा एकही बोर्ड रंगवला नाही, हे मला तिसऱ्याकडून कळलं. तू भांडलाही नाहीस. शॉट चांगला होता, असं मी वर्षानुवर्षं म्हणत राहिले. चांगलाच होता. माझं चुकलं.

पत्ता संमतीपत्रावरून उतरवला आहे. हे नियमात बसत नाही. तक्रार केलीस तर माझी हरकत नाही.

'त्रास काय' या रकान्यात तू 'छातीत कळ' लिहिलंस. चाचणीपुरतं लिहिलंस की खरं, तेवढं कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

उत्तराचा हक्क नसलेली,
तुझी कात्री

ता. क. गुरुवार. सकाळी दहाला मीटिंग झाली. तुझ्याऐवजी मीच सगळ्यांसमोर अर्ज भरायला बसले आणि त्या रकान्यापाशी थांबले. साहेब म्हणाले, "अहो, टाका ना कुणाचंही." मी टाकलं नाही. निर्णय पुढच्या महिन्यावर गेला. तुझी चार मिनिटं मी पुसली आहेत.