बर्फ आणि फांद्या

टोरांटो,
१२ जानेवारी

सौ. राजमती,
जय जिनेंद्र.

मी बरा आहे. ऐश्वर्या दोन्ही वेळा गरम भाकरी घालते, पण पिठाला आपल्या कोडोलीची चव नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरतेस ना?

खिडकीतून नुसता बर्फ दिसतो, म्हणून परवा जलरंगात चित्र काढायला बसलो. रंकाळ्यावर ज्या थोर चित्रकारांच्या मागं उभा राहून मी शिकलो, ते म्हणायचे की पांढरं रंगवू नये, कागद कोरा सोडावा. तसाच बर्फ सोडला, वर आभाळाचा पातळ निळा हात दिला. झकास जमलं. मग झाडाच्या बारीक फांद्या काढायला घेतल्या आणि ब्रश थरथरला. दोन कागद वाया गेले.

लेक ऐश्वर्या मागंच उभी होती. "बाबा, हात कापतोय की तुमचा!"

"थंडी किती हाय बघ," म्हटलं.

"घरात हीटर हाय, बाबा. मला घाम आलाय."

मग खरं सांगावं लागलं. दिवाळीपासून असं होतंय. म्हणूनच मी बशीतून चहा प्यायचं सोडलं होतं. तू विचारलंस, तेव्हा हसून टाळलं.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांची वेळ मिळालीय. वयानं होतं असं, म्हणते ऐश्वर्या, पण म्हणताना माझ्याकडं बघत नाही.

फोनवर हे तोंडातून निघेना. ती म्हणाली, मी टाइप करून पाठवते. मी नको म्हटलं. चाळीस वर्षं पोरांना सरळ रेघ शिकवणाऱ्या मास्तरचं अक्षर कसं झालंय, ते तुझं तूच बघ. आणि तू भिऊ नकोस. मी भ्यालोय तेवढं पुरे.

तुझाच,
बापूसो