बोळातल्या पंख्याचं झाकण

१ नोव्हेंबर, शनिवार
आलो बाबा एकदाचा. ट्रक रिकामा झाला, खोकी पुढच्या खोलीत पडली आहेत, आणि मी ओट्यापाशी उभ्याउभ्या शेजारणीने आणून दिलेली चिली, मांस-राजम्याचा तिखट रस्सा, खातोय. सोबत दालचिनीचा गोड रोलही दिलाय, म्हणजे बाई अस्सल कॅन्ससची. अर्लीन नाव. दारातच मला सांगून गेली की लाइल व्होथ, एकटा माणूस म्हणून उपाशी राहायचं नाही आणि माझं भांडं घासून परत करायचं.

शेतावरचं घर विकलं ते बरं केलं. बायको, नदीन, गेल्यावर आठ खोल्यांत मी एकटाच खुडबुड करत होतो. इथे दोन खोल्या, मध्ये बोळ. बोळाच्या छताला चौकोनी भोक, त्याला पत्र्याच्या झडपा, आणि वर माळ्यावर ट्रॅक्टरच्या चाकाएवढा पंखा. उन्हाळ्यात खिडक्या उघडून तो लावला की घरभरचा उकाडा खेचून माळ्यावर नेतो. हिवाळ्यात तेच भोक घरातली ऊब पळवतं आणि गारठा खाली सोडतं.

ते बुजवणं हे माझं पहिलं काम. गेल्या जानेवारीत माझी पोरगी कोलीन बाळाला, एमेटला, घेऊन शेतावर आली होती. घरात वारा खेळत होता, एमेटला न्यूमोनिया झाला, पाच दिवस इस्पितळात. पोरगी मला नाही नाही ते बोलली. मी त्याहून वाईट बोललो. वसंतात आईच्या अंत्यविधीला आली तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही. आता कुठे फोनवर म्हणाली की सत्तावीसला, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला येते, पण घरात गार झुळूक लागली तर त्याच पावली परत, आणि पुन्हा बोलवू नकोस. सव्वीस दिवस आहेत हातात. भरपूर झाले.

३ नोव्हेंबर, सोमवार
मापं: भोक ३० इंच बाय ३०, चौकट धरून ३४. दोन इंच जाडीचा कडक फोम आणला, नदीनच्या पाव कापायच्या सुरीने कापला. ती असती तर सुरीसाठी माझी सालटी काढली असती. कडेने चिकटपट्टी, आठ स्क्रू, झाकण खालून छताला आवळायचं. बोळातले दिवा आणि पंखा यांची बटणं शेजारी शेजारी, म्हणून पंख्याच्या बटणावर टेप मारली. झाकण लावलेलं असताना कोणी चुकून पंखा लावला तर मोटर जळायची.

अर्लीन डोकावून गेली. म्हणाली, आधीचा मालक ऑर्विल दर वर्षी एक ऑक्टोबरला ते झाकायचा, तू महिना उशीर केलास. आणि तो म्हणे सांगायचा की त्या भोकाखाली उभं राहून बोलू नये. मी विचारलं का. तर म्हणे, कोण जाणे, मेला एकटा जीव, बोलणार तरी कोणाशी होता. शेवटी शेवटी इतका गप्प झाला की गेला कधी ते गल्लीला कळलंच नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
झाकण बसलं. मेणबत्ती धरून पाहिली, ज्योत हलत नाही. स्वतःची पाठ थोपटावी असं काम झालंय.

पण घर फार गप्प झालं. झडपांची टकटक होती तेव्हा जाणवलं नव्हतं. जेवताना स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकू येतो आणि घास जात नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
झाकण काढलं. कोलीन यायला वेळ आहे, तोवर राहू दे उघडं. कोट घालून बोळात खुर्ची टाकली आणि तिथेच जेवलो. थंडीला शिव्या घालत होतो. एक वाक्य झालं की वर झडप वाजायची, टक. दुसरं वाक्य, टक. गोष्ट ऐकताना कोणी हुंकार द्यावा तसं. हसू आलं. मग काय, नदीन मला धान्याच्या कोठारापाशी पहिल्यांदा भेटली ती सगळी कथा सांगितली. वाऱ्याला सांगितली म्हणा. फार दिवसांनी पोटभर जेवलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार
रोज संध्याकाळी तिथेच बसतो. काल नदीनचं आजारपण सांगत होतो. मध्येच नाक पुसायला थांबलो, आणि वरून कोणीतरी विचारलं, मग?

वाऱ्याला कुठे जीभ असते. पण विचारलं खरं. भ्यायला हवं होतं. मी मात्र पुढचं सांगून टाकलं, आजवर कोणाला न सांगितलेलं. नवऱ्याचं रडणं ऐकायला आठ महिन्यांत कोणी बसलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
चर्चमध्ये पाद्रीबाबांनी माझ्या अलीकडच्याचा हात हातात घेतला, मग पलीकडच्याचा. मी मध्ये हात पुढे करून उभा. परतताना हार्डवेअरच्या दुकानी गेलो. आपोआप उघडणारं दार उघडेना. मागे गेलो, पुढे आलो, हात हलवला. शेवटी एक बाई आली तिच्यासाठी उघडलं, तिच्या मागून शिरलो. म्हातारा झाला की माणूस दिसेनासा होतो म्हणतात. पण दाराला कुठे वय कळतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
कोलीनला फोन केला. हॅलो, हॅलो, कोण आहे, म्हणत राहिली. मी ओरडत होतो. तिने ठेवून दिला.

अर्लीनला आज भांडं परत केलं. ती माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होती. दोनदा हाक मारल्यावर दचकली. म्हणाली, दुपारी काय हसत होतास रे घरात, ऐकून बरं वाटलं.

दुपारी मी घरात नव्हतोच.

संध्याकाळी खुर्चीत बसलो, पण बोललो नाही. वरून बोलणं सुरू झालं. धान्याच्या कोठाराची कथा. माझाच आवाज. तीच ढेकर, तेच खाकरणं. माझ्यापेक्षा चांगली सांगितली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
झाकण लावलं. आठही स्क्रू.

मोबाइलवर कोलीनचा निरोप आलाय. कालच्या फोनबद्दल. बाबा, तू माफी मागितलीस, मला वाटलं नव्हतं तू कधी मागशील, ठेवल्यावर कितीतरी वेळ रडले, गुरुवारी एकपर्यंत आम्ही पोचतो.

काल मी फोन केला नाही. दहा महिने ते दोन शब्द तोंडाशी आणून गिळत होतो. आणि माळ्यावरच्याने ते सहज म्हणून टाकले. भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी चार स्क्रू जमिनीवर. ओळीने ठेवलेले. पुन्हा आवळले. हातात जोर राहिला नाही — स्क्रूड्रायव्हर बोटांतून निसटतो, धरलाय असंच वाटत नाही.

अर्लीनच्या दारावर थाप मारली. थाप वाजली नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
बाहेर पाणी गोठलं. झाकणाच्या कडेने गारवा येतोय. कोलीनला येऊ नकोस म्हणून सांगावं — लिहून पाठवायला गेलो, तर पडद्यावर अक्षर उमटेना. बोट लागतच नाही. पेन्सिल तेवढी चालते अजून.

उद्या वर जाणार. त्या रविवारी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली काचेच्या लोकरीची गादी आहे, थंडी अडवायची, ती वरून दाबून घालायची. जे काही आहे त्याच्याशी तोंडावर बोलायचं. माझी पोर येतेय, बाळ येतंय. त्यांना ते भेटता कामा नये.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
दहा वाजले. टर्की ओव्हनमध्ये. माळ्याच्या दाराच्या फळीला जोडलेली घडीची शिडी खाली ओढली, वर आलो. मापांसाठी वही खिशात.

वर कोणी नाही. पंखा, धूळ. ऑर्विलची एक खुर्ची, झडपांकडे तोंड करून.

शिडी खालून मिटली. कोणीतरी ढकलली. खाली पावलं, माझ्या बुटांची. ओव्हनचं दार उघडलं, बंद झालं.

दाराच्या फळीवर लाथा मारतोय. माळ्याच्या जमिनीवर पाय आपटत नाचलो. माळ्यावर अंथरलेल्या लोकरीवर माझ्या पावलांचा ठसा उमटत नाही.

एक वाजला. गाडी. कोलीन. माझा आवाज म्हणाला, ये गं पोरी, थांब, त्याला मी घेतो. ती रडतेय. म्हणतेय, किती ऊब आहे रे बाबा, किती छान केलंस घर. वर्षभरात मला असं कोणी —

तिला कळत नाहीये. ती हसतेय. आई गेल्यावर पहिल्यांदा.

एमेट बोळात रांगतोय. अगदी खाली. पंख्याच्या पात्यांमधून वाकलो, झाकणाच्या फटीला तोंड लावून ओरडलो. कोलीन, तो मी नाही. जीव तोडून ओरडलो.

ती म्हणाली, बाबा, इथून गार झुळूक येतेय बघ, त्याचे केस उडतायत.

एमेट खोकला.

ओरडलो ते खाली झुळूक होऊन पोचतंय — तोंड दाबून धरलंय. श्वास घेत नाही. पोरा, खोकू नकोस, मी गप्प आहे.

माझा आवाज म्हणतोय, फोमची आणखी एक फळी उरलीय, लगेच लावतो. कोलीन म्हणते, लाव बाबा, मी धरते.

ती धरतेय. तिचा हात अगदी इथे, माझ्या तळव्याखाली. पहिला स्क्रू. दुसरा. तिचं बोलणं अर्धंच ऐकू येतंय. पाचवा. ती म्हणाली, बाबा, आता वर्षाला दोनदा येत जाऊ, चालेल ना? चालेल गं. चालेल. सात. कोलीन, मला माफ